विश्लेषण : गाडीतले जादा दिवे, मोठे हॉर्न आणि आगीचा धोका... ‘रिले’ची छोटी डबी इतकी महत्त्वाची का?

राजस्थानात जैसलमेरहून जोधपूरकडे निघालेल्या खासगी वातानुकूलित बसला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आग लागली आणि २० हून अधिक प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला. वातानुकूलन यंत्रणेच्या वायरिंगमध्ये शॉर्ट सर्किट झाले असावे, असा प्राथमिक संशय तेव्हा व्यक्त झाला. बसची रचना आणि तिच्यात नंतर केलेले बदल यांची चर्चा देशभर सुरू झाली. हा प्रश्न फक्त बसपुरता नाही. मोटारीत जादा फॉग लॅम्प, पिकअपला एलईडी बार, रिक्षात म्युझिक सिस्टीम, ट्रॅक्टरला चार फोकस, स्कूटरला मोठा हॉर्न अशी जोडणी गावोगाव रोज होते. तिच्या केंद्रस्थानी असायला हवी ती काडेपेटीपेक्षा लहान डबी, म्हणजे रिले, अनेकदा वगळली जाते. ती काय करते, ती नसल्याने काय होते आणि कायदा व विमा याबाबत काय सांगतात, याचा आढावा.

प्रत्येक आगीमागे शॉर्ट सर्किटच असते का?

नाही. गाडीला आग लागली की ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द सर्वांत आधी पुढे येतो. पुण्याजवळ हिंजवडीत १९ मार्च २०२५ रोजी कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या मिनीबसला आग लागून चार जणांचा मृत्यू झाला, तेव्हाही सुरुवातीला हाच अंदाज होता. नंतर पोलीस तपासात चालकानेच ज्वलनशील रसायन वापरून आग लावल्याचा आरोप समोर आला. इंधनगळती, तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेले तेल, धडकेनंतर फुटलेली टाकी, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी अशी कारणे अनेक असतात. आगीत वायरींचे आवरण जळतेच, त्यामुळे वायर आधी जळाली की आगीमुळे जळाली, हे ठरवणे न्यायवैद्यक तज्ज्ञांनाही सोपे नसते.

तरीही इतर कारणांपेक्षा एक कारण वेगळे आहे. इंधनाची नळी कधी झिजेल हे मालकाच्या हातात पूर्णपणे नसते. जादा उपकरण कसे जोडायचे, हे मात्र पूर्णपणे त्याच्या आणि वायरमनच्या हातात असते. म्हणूनच टाळता येण्याजोग्या धोक्यांत चुकीच्या वायरिंगचा क्रमांक वरचा लागतो.

जादा दिवा जोडला तर बिघडते काय?

कारखान्यातून निघालेल्या गाडीतील प्रत्येक वायरीची जाडी, स्विचची क्षमता आणि फ्यूजचा आकडा हे एकमेकांशी जुळवून ठरवलेले असतात. हेडलाइटच्या सर्वसाधारण ‘एच ४’ बल्बची क्षमता ६०/५५ वॅट असते. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब पाच अँपिअर विद्युतप्रवाह घेतो, दोन बल्ब दहा. त्यांच्या जागी १००/९० वॅटचे बल्ब बसवले की हाच प्रवाह १६ अँपिअरच्या पुढे जातो. वायर, स्विच आणि कपलर मात्र दहाच्या हिशेबाचेच राहतात.

विजेचा एक नियम येथे निर्णायक ठरतो. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. त्यामुळे ‘थोडासाच जास्त लोड आहे’ हा युक्तिवाद फसवा ठरतो.

एक उदाहरण घेऊ. बंपरवर ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प लावले. दोन्ही मिळून सुमारे नऊ अँपिअर प्रवाह लागतो. बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत आणि तिथून पुन्हा बंपरपर्यंत अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर फिरवली, तिची एकूण लांबी पाच मीटर भरली असे धरू. तांब्याच्या अशा वायरीचा रोध सुमारे ०.१७५ ओहम होतो. नऊ अँपिअरला यात दीड व्होल्टपेक्षा जास्त दाब वाटेतच खर्ची पडतो आणि सुमारे १४ वॅट उष्णता वायरीत मुरते. दिव्यापर्यंत १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट पोहोचतात. फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. एवढ्या घटीत एक तृतीयांशाहून अधिक प्रकाश जातो. म्हणजे पैसे मोजून लावलेला दिवा पिवळा, मंद लागतो आणि डॅशबोर्डच्या आतली वायर गरम होत राहते. ‘दिवे डिम आहेत’ म्हणून मालक आणखी मोठा बल्ब मागतो आणि चक्र पुढे सुरू राहते.

मग रिले नेमके काय करतो?

रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. डबीच्या आत बारीक तांब्याच्या तारेची एक गुंडाळी, म्हणजे कॉइल असते. तिच्यातून थोडा प्रवाह गेला की तिचे चुंबक बनते, ते लोखंडी पट्टी ओढून घेते आणि जाड कॉन्टॅक्ट पॉइंट एकमेकांना चिकटतात. ‘टक्’ असा आवाज येतो तो याच वेळी. कॉइलचा प्रवाह थांबला की स्प्रिंग पट्टीला मागे खेचते आणि मोठा प्रवाह तुटतो.

१२ व्होल्टच्या नेहमीच्या रिलेच्या कॉइलचा रोध सुमारे ८० ओहम असतो. म्हणजे ती जेमतेम ०.१५ अँपिअर घेते. त्या बदल्यात तिचे कॉन्टॅक्ट ३० ते ४० अँपिअरपर्यंतचा प्रवाह सांभाळतात. डॅशबोर्डवरच्या नाजूक स्विचला फॉग लॅम्पचे नऊ अँपिअर पेलावे लागत नाहीत. त्याच्या साठाव्या हिश्श्याइतका प्रवाह पुरतो. मोठा प्रवाह बॅटरीपासून जाड, आखूड वायरीने थेट दिव्याकडे जातो. चालकाच्या हाताशी असलेला स्विच फक्त हुकूम देतो.

‘रिले’ हा शब्दही याच अर्थाने आला. पूर्वी लांबच्या प्रवासात ठरावीक टप्प्यावर दमलेले घोडे बदलून ताजे घोडे जोडत. तारायंत्राच्या काळात दुरून क्षीण होऊन आलेला संदेश पुढच्या टप्प्यावर ताज्या बॅटरीच्या जोरावर पुढे पाठवण्यासाठी हे साधन वापरले गेले. कमी ताकदीच्या इशाऱ्याने मोठ्या ताकदीला कामाला लावणे, हे त्याचे काम आजही तसेच आहे. हॉर्न, रेडिएटरचा पंखा, इंधन पंप, एसीचा काँप्रेसर यांसाठी कंपन्या स्वतःच कारखान्यात रिले बसवतात. बॉनेट उघडल्यावर फ्यूज बॉक्समध्ये दिसणाऱ्या काळ्या चौकोनी डब्या त्याच.

डबीखालचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे काय सांगतात?

बहुतेक रिलेच्या पायांशेजारी हे आकडे छापलेले असतात. ते मनाला येतील तसे दिलेले नाहीत. वाहनांतील विद्युत जोडांना क्रमांक देणाऱ्या ‘डीआयएन ७२५५२’ या जर्मन मानकातून ते आले आणि जगभर रूढ झाले.

३० या पायावर बॅटरीच्या पॉझिटिव्हची वायर फ्यूजमधून येते. ८७ वरून ती वीज दिव्याकडे किंवा हॉर्नकडे जाते. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोके. त्यातील ८६ ला स्विचमधून पॉझिटिव्ह आणि ८५ ला गाडीच्या बॉडीचा अर्थ दिला जातो. पाच पायांच्या रिलेत मध्यभागी ‘८७ ए’ असतो. कॉइल बंद असताना ३० चा संपर्क त्याच्याशी असतो आणि कॉइल सुरू होताच तो तुटतो. त्यामुळे जादा उपकरण ८७ ऐवजी चुकून ‘८७ ए’ला जोडले तर स्विच बंद असताना दिवा लागतो आणि चालू केल्यावर विझतो. काही जपानी पद्धतीच्या रिलेवर १, २, ३, ५ असे आकडे असतात. तिथे १ आणि २ कॉइलचे, ३ आणि ५ कॉन्टॅक्टचे.

८५ आणि ८६ उलटसुलट झाले तरी साधा रिले चालतो. पण कॉइल बंद होताना तिच्यातून उलट दिशेने क्षणिक मोठ्या व्होल्टेजचा झटका येतो. तो शमवण्यासाठी काही रिलेत डायोड बसवलेला असतो. अशा रिलेत पॉझिटिव्ह ८६ लाच द्यावा लागतो. उलट जोडल्यास डायोडमधून थेट शॉर्ट होतो. डबीवर छापलेली आकृती पाहिल्याशिवाय वायर लावू नये, ते यासाठीच.

रिले लावला म्हणजे फ्यूजची गरज संपली?

सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. रिले मोठा प्रवाह हाताळतो, पण तो अडवत नाही. संरक्षण देतो तो फ्यूज. तोही दिव्याला किंवा हॉर्नला नव्हे, तर वायरीला. फ्यूजचा आकडा वायर किती प्रवाह सुरक्षितपणे पेलते यावरून ठरतो आणि तो उपकरणाच्या गरजेपेक्षा थोडा जास्त असतो. नऊ अँपिअरच्या फॉग लॅम्पसाठी १५ अँपिअरचा फ्यूज आणि त्याहून जास्त प्रवाह सहज पेलणारी दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची वायर, असा हा हिशेब.

फ्यूजची जागाही तितकीच महत्त्वाची. तो बॅटरीच्या टर्मिनलला लागूनच, वीतभर अंतराच्या आत हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज बॅटरी ते दिवा या संपूर्ण वायरीला संरक्षण देत नाही. ती वायर वाटेत कुठे पत्र्यावर घासून सोलली आणि बॉडीला टेकली, तर मध्ये कोणीच उभा नसतो. इंजिन फिरवणारी बॅटरी क्षणभर काहीशे अँपिअर सहज देऊ शकते. नऊ अँपिअरच्या जागी तीनशे अँपिअर वाहिले तर वायरीतील उष्णता हजार पटींहून अधिक होते. आवरण पेटायला सेकंद पुरतात.

पात्याच्या आकाराच्या फ्यूजचे रंगही ठरलेले असतात. १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. निळा फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी हिरवा लावणे किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद, तांब्याची तार गुंडाळून ‘डायरेक्ट’ करणे म्हणजे गाडीतल्या एकमेव पहारेकऱ्याला सुट्टी देणे. उडालेला फ्यूज हा बिघाड नसतो, तो बिघाडाचा निरोप असतो.

आगीची सुरुवात बहुधा कुठे होते?

बहुधा जोडांपाशी. पुण्याची नाना पेठ असो, कुर्ल्याचा सीएसटी रोड असो किंवा तालुक्याच्या स्टँडमागचे गॅरेज, जादा उपकरण बसवण्याची झटपट पद्धत सारखीच असते. मूळ वायरीला ब्लेडने सोलून तिला नवीन वायर पिळायची, वरून इन्सुलेशन टेप गुंडाळायची. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो, पावसात जोडात ओल शिरते, तांबे हिरवे पडते आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पीळ सैल होतो.

सैल जोड धोकादायक का, हे एका आकड्यातून कळते. जोडात फक्त ०.१ ओहम रोध निर्माण झाला आणि त्यातून १५ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर त्या एका बिंदूवर साडेबावीस वॅट उष्णता निर्माण होते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिसे वितळवणारी सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटची असते. म्हणजे डॅशबोर्डच्या आत, फोम आणि प्लास्टिकच्या मध्ये, एक सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवल्यासारखे झाले. अशा वेळी फ्यूजही उडत नाही, कारण प्रवाह त्याच्या मर्यादेतच असतो. म्हणून रिले आणि फ्यूज दोन्ही योग्य असूनही कच्चा जोड आग लावू शकतो.

दुसरी चूक वायरीच्या निवडीची. घरातील वायरिंगसाठी मिळणारी साधी पीव्हीसी वायर साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. इंजिनच्या आसपास, एक्झॉस्टजवळ तापमान सहज याच्या वर जाते. गाडीसाठी उष्णतारोधक आवरणाची, अनेक बारीक तारांची लवचीक ऑटो वायर मिळते. ती महाग असते, पण फरक काहीशे रुपयांचाच असतो.

एलईडी कमी वीज घेतात. मग रिले कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. २० वॅटचे दोन एलईडी दिवे मिळून साडेतीन अँपिअरच्या आतच प्रवाह घेतात. योग्य क्षमतेचा स्विच, योग्य फ्यूज आणि स्वतंत्र वायर असेल तर एवढ्यासाठी रिले नसला तरी चालतो. पण सव्वाशे-दीडशे वॅटचा एलईडी बार घेतला तर तो पुन्हा दहा ते बारा अँपिअरवर जातो. ‘एलईडी आहे’ एवढे ऐकून निर्णय घेण्याऐवजी खोक्यावरच्या वॅटना १२ ने भागून पाहणे, हा सोपा मार्ग आहे.

मोठे हॉर्न, टायरमध्ये हवा भरणारा काँप्रेसर, ॲम्प्लिफायर, पंखे यांसाठी मात्र रिलेला पर्याय नाही. मोटर सुरू होताना किंवा थंड फिलामेंट पेटताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढला जातो. साध्या स्विचचे पॉइंट या झटक्यांनी जळतात, कधी एकमेकांना वितळून चिकटतात. मग स्विच बंद करूनही उपकरण सुरूच राहते.

रिलेला हुकूम देणारी वीज कुठून घेतली, हेही पाहावे लागते. ती इग्निशन चालू असतानाच मिळणाऱ्या ठिकाणाहून घेतली तर चावी काढताच उपकरण बंद होते. थेट बॅटरीवरून घेतली आणि स्विच चुकून सुरू राहिला, तर दिवा निकामी असला तरी एकटी कॉइल दिवसाला ३.६ अँपिअर-तास वीज खाते. छोट्या मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. आठवडाभर गावाला जाऊन आल्यावर गाडी सुरू न होण्यामागे असेही कारण असू शकते.

नव्या गाड्यांत आणि ई-वाहनांत वेगळे काय?

जुन्या गाडीत स्विच, वायर आणि दिवा एवढेच असे. नव्या गाड्यांत मध्ये संगणक आला आहे. चालकाने दिव्याचा खटका दाबला की तो संदेश बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे जातो आणि हे मॉड्यूल इलेक्ट्रॉनिक स्विचमार्फत दिव्याला वीज देते. अनेक गाड्यांत ते प्रत्येक सर्किटमधील प्रवाहावरही नजर ठेवते. अशा वायरीला मध्येच टॅप मारला तर डॅशबोर्डवर बिघाडाचे चिन्ह दिसते, दिवे लुकलुकतात किंवा मॉड्यूल ते सर्किटच बंद करते. ज्या जोडणीने वीस वर्षांपूर्वीच्या जीपमध्ये फक्त फ्यूज उडाला असता, ती आज महागडे मॉड्यूल निकामी करू शकते. मूळ वायर न कापता कपलरला कपलर जोडणाऱ्या, रिले आणि फ्यूजसह तयार मिळणाऱ्या हार्नेस किटचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे.

विद्युत मोटारींत चाके फिरवणारी मुख्य बॅटरी शेकडो व्होल्टची असते. दिवे, हॉर्न, वायपर यांच्यासाठी वेगळी १२ व्होल्टची यंत्रणा असते आणि तिला मुख्य बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टरमार्फत वीज मिळते. केशरी आवरणाच्या जाड केबल म्हणजे उच्च दाबाच्या वाहिन्या. तिथे गॅरेजमधील कोणत्याही प्रयोगाला जागा नाही. चूक थेट जिवावर बेतते.

बस आणि ट्रकमध्ये धोका अधिक का?

मोठ्या वाहनांची यंत्रणा २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टचा रिले तिथे बसवला तर कॉइलमधून दुप्पट प्रवाह आणि चौपट उष्णता निर्माण होते, म्हणजे दोनऐवजी सात वॅटच्या वर. थोड्याच वेळात कॉइल जळते. दिसायला दोन्ही डब्या सारख्याच असल्याने ही चूक सहज होते.

दुसरा भाग लोडचा. खासगी बसमध्ये प्रत्येक बर्थवर चार्जिंग पॉइंट, वाचनाचा दिवा, छताला एलईडी पट्ट्या, पडदे, टीव्ही, म्युझिक सिस्टीम असते. २४ व्होल्टवरून घरगुती वीज तयार करणारा इन्व्हर्टर हजार वॅटला चालवला तर तो बॅटरीतून ४० अँपिअरपेक्षा जास्त खेचतो. हे काम नेहमीच्या रिलेच्या आणि बारीक वायरीच्या आवाक्यातले नाही. बहुतांश बसचे चेसिस एकीकडे आणि बॉडी दुसरीकडे तयार होते, त्यात मालक बदलला की नवीन सोयी वाढतात. बस बांधणीसाठी ‘एआयएस ०५२’ आणि स्लीपर कोचसाठी ‘एआयएस ११९’ ही मानके आहेत. पण नंतर वाढवलेल्या वायरी प्लायवूड आणि रेक्झिनच्या मागे दडतात. फिटनेस तपासणीत दिवा लागतो का, हॉर्न वाजतो का, हे कळते. पॅनलमागचा पिळलेला जोड दिसत नाही. मध्यरात्री, बंद काचांच्या आत, तीसहून अधिक माणसे झोपलेली असताना तो पेटला तर बाहेर पडायला मिनिटेही मिळत नाहीत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ ए (४) नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मग एक फॉग लॅम्प लावणेही गुन्हा का? तसे सरसकट म्हणता येत नाही. कलम ५२ च्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा रचनेतील बदल, असे म्हटले आहे. मात्र दिवे आणि हॉर्नसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये स्वतंत्र तरतुदी आहेत. नियम १११ नुसार वाहनाच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. नियम ११९ नुसार एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न बसवता येत नाही. दिव्यांची संख्या, जागा, उंची आणि रंग ‘एआयएस ००८’ या मानकात ठरलेले आहेत. म्हणजे रिले लावून उत्तम वायरिंग केले तरी समोरच्याचे डोळे दिपवणारा एलईडी बार कायदेशीर होत नाही. वायरिंग सुरक्षित असणे आणि उपकरण नियमात बसणे, या दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि दोन्ही पार कराव्या लागतात.

विम्याचे काय?

प्रमाणित मोटार विमा पॉलिसीत आग, स्फोट आणि स्वयंप्रज्वलन यांमुळे होणाऱ्या नुकसानीला संरक्षण असते. त्याच वेळी विद्युत किंवा यांत्रिक बिघाड हा वगळलेल्या बाबींत येतो. म्हणजे चुकीच्या जोडणीमुळे फक्त मॉड्यूल जळाले तर भरपाईची आशा कमी; गाडी पेटली तर दावा दाखल करता येतो, पण सर्वेक्षक कारण शोधतो. तेव्हा मूळ वायरिंग कापलेले आढळले तर वादाला तोंड फुटते. गाडीसोबत न आलेली विद्युत उपकरणे पॉलिसीत नोंदवण्यासाठी ‘आयएमटी २४’ हे स्वतंत्र कलम असून त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो. तो न भरता बसवलेली महागडी म्युझिक सिस्टीम जळाली तर तिची किंमत मागता येत नाही. वाहन कंपनीच्या वॉरंटीतही कापलेल्या हार्नेसशी संबंधित बिघाड नाकारला जाऊ शकतो.

वाहनधारकांनी काय पाहावे?

उपकरण बसवून घेताना गॅरेजवाल्याला पाच प्रश्न विचारले तरी पुरे. हे किती अँपिअर घेते? फ्यूज किती अँपिअरचा आणि बॅटरीपासून किती अंतरावर लावणार? रिले १२ व्होल्टचा की २४ व्होल्टचा, आणि किती क्षमतेचा? मूळ वायर कापणार की कपलर वापरणार? अर्थ कुठे देणार? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण रंगावर किंवा गंजावर कसलेला अर्थ हाही सैल जोडच असतो. पत्रा घासून, थिंबल दाबून, बोल्टने घट्ट केलेला अर्थ हवा. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या वायरीला रबरी ग्रोमेट हवे आणि रिले पाय खाली करून, पाणी साचणार नाही अशा जागी बसवायला हवा.

काम झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे सर्व उपकरणे चालू ठेवून रिले, फ्यूज होल्डर आणि जोड यांना हात लावून पाहावा. कॉइलमुळे डबी किंचित कोमट लागते, ते स्वाभाविक आहे. हात टेकवत नसेल, प्लास्टिकचा वास येत असेल किंवा दिवे लावताच मंद होत असतील तर उपकरण लगेच बंद करून वायरिंग उघडायला हवे. वापरलेली गाडी घेताना तर हे आणखी गरजेचे, कारण आधीच्या मालकाने काढून टाकलेल्या उपकरणाची जिवंत वायर आत तशीच लोंबकळत असू शकते.

प्रवासी वाहनांत मात्र ही जबाबदारी प्रवाशावर टाकता येत नाही. बसच्या पॅनलमागे काय आहे हे तिकीट काढणाऱ्याला दिसत नाही. ते पाहण्याचे काम मालकाचे, बॉडी बांधणाऱ्याचे आणि फिटनेस प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याचे आहे. नंतर वाढवलेल्या प्रत्येक सर्किटचा आराखडा, फ्यूजचे आकडे आणि वायरीची जाडी यांची नोंद गाडीसोबत ठेवणे सक्तीचे केले आणि तपासणीत दोन पॅनल उघडून ती पडताळली, तर खर्च फार येणार नाही. रिले, फ्यूज आणि चार मीटर चांगली वायर काहीशे रुपयांत येते. जैसलमेरसारख्या दुर्घटनेनंतर होणाऱ्या चौकशीत हेच प्रश्न विचारले जातात. ते गाडी रस्त्यावर उतरण्याआधी विचारले जावेत, एवढीच अपेक्षा आहे.